आयाळ उतरवायची असते

मदिनत खलीफा, दोहा
४ ऑक्टोबर १९८१

उन्मेष,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच. यात कॉलेज नाही, पैसे नाहीत आणि 'बाबांची माफी माग' हेही नाही. ते सगळं मी मागच्या पत्रांत लिहून झालं. तू एकालाही उत्तर दिलं नाहीस, म्हणजे ते विषय संपलेच. आता मी फक्त इथलं लिहिणार आहे. उत्तरकाशीच्या थंडीत संध्याकाळी वाचायला काहीतरी लागतच असेल. तुझ्याबद्दल मला जे कळतं ते सुहासिनीमावशीकडून. तू मुलांना दोरावर चढायला शिकवतोस, तब्येत बरी आहे आणि केस खांद्यावर आलेत.

काल आपल्या घरी एका सिंहाची आयाळ आली.

शेजारच्या जाहिदाबद्दल तुला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी राहायला आली. माणसं मूळची कच्छची, पण जन्म केनियातला, नारोक नावाच्या गावातला. तिथे तिच्या वडिलांचं किराणा दुकान. नवरा मन्सूर जनावरांचा डॉक्टर. अल रुवैसच्या रस्त्यावर एका श्रीमंत कतारी माणसाचं शेत आहे, तिथे त्याने हौसेने शहामृगं आणि हरणं पाळली आहेत. मन्सूरभाई ती सांभाळतात.

जाहिदा दारात उभी होती आणि तिच्या मागे एक माणूस. इतका उंच की आत येताना त्याला मान वाकवावी लागली. डोक्याला अरबी रुमाल, पण त्याखालून बारीक बारीक वेण्या पाठीवर आलेल्या, गेरूने लाल केलेल्या. हातात पत्र्याची पेटी. जाहिदा म्हणाली, "भाभी, हा कोइनेत. मसाई आहे. आमच्या शहामृगांकडे हाच बघतो. तुमचं मण्यांचं काम मी याला सांगितलं."

पेटी उघडली तशी मी दोन पावलं मागे सरले. अंडाकृती चौकट, तिच्याभोवती सिंहाची आयाळ शिवलेली. चेहरा मधून दिसावा आणि आयाळ चहूबाजूंनी उभी राहावी अशी. मसाई तरुण योद्ध्यांना मोराण म्हणतात, आणि ज्याने सिंह मारला तो मोराणच असा टोप घालू शकतो. चेहऱ्याच्या कडेला मण्यांची पट्टी होती. होती म्हणायचं, कारण बोटीच्या प्रवासात आणि इथल्या दमट उन्हाळ्यात दोरे कुजले, कातड्याला बुरशी आली, चौकट तडकली. अर्धे मणी पेटीच्या तळाशी सांडलेले.

नारोकच्या दुकानदारांकडून शिकलेलं मोडकं हिंदी तो बोलतो. म्हणाला, "मामा, ये औरत का काम है. मेरे को नहीं आता."

मला मामा म्हटल्यावर मी जाहिदाकडे बघितलं. ती हसली. स्वाहिलीत मामा म्हणजे आई.

आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मी मेलेल्या सिंहाच्या कातड्याला हात लावायचा. मी विचार करते म्हटलं. पेटी मात्र ठेवून घेतली. का, ते मला सांगता येणार नाही.

बाबा आले, पेटीत डोकावले आणि म्हणाले, "हे घरात कशाला?" मग कपडे बदलायला गेले.

जप.
आई

मदिनत खलीफा
२९ नोव्हेंबर १९८१

उन्मेष,

काम घेतलं. पहिल्या दिवशी हातमोजे घातले होते, दुसऱ्या दिवशी काढले. हातमोज्यात सुई कळत नाही.

मन्सूरभाईंनी बकरीचं मऊ कमावलेलं कातडं आणून दिलं. बुरशी आलेली पट्टी काढून टाकली आणि नवीन पट्टीवर मणी शिवायला घेतले. दोरा म्हणून अल रुवैसच्या कोळ्यांकडचं मासे धरायचं बारीक तंगूस मिळालं. मणी इथल्या बाजारात, सुकात शोधले. पांढरे, निळे, हिरवे मिळाले, पण त्यांचा लाल मिळेना. तो लाल डाळिंबासारखा, आतून गडद. इराण्याच्या दुकानात जो मिळाला तो कोइनेतने उन्हात धरला आणि नुसती मान हलवली. शेवटी माझ्या रुखवतातला मण्यांचा पोपट आठवतो ना, टीव्हीवर बसायचा तो? त्याच्या चोचीचा आणि गळ्याच्या पट्ट्याचा लाल अगदी तोच निघाला. मी पोपट उसवला. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "चला, पोपट आफ्रिकेला निघाला."

रंग वाटेल तसे लावायचे नसतात. लाल म्हणजे गाईचं रक्त आणि हिंमत, पांढरा दूध, निळा आभाळ, हिरवा गवत. कुठल्या रंगाशेजारी कुठला बसतो, हे तिथल्या बायकांना माहीत असतं. त्याच्या टोपाची पट्टी त्याच्या आईने आणि बहिणींनी केली होती. मी एक ओळ पूर्ण केली, तर तो म्हणाला, "नहीं, मामा." मी विचारलं, काय चुकलं? त्याला सांगता येईना. "करायला येत नाही, पण चुकलेलं दिसतं," एवढंच. मी उसवून परत केली. तू लहानपणी माझ्या वरणाबद्दल हेच म्हणायचास.

शुक्रवारी शेतावरची गाडी गावात येते तेव्हा तो येतो. पहिल्यांदा मी चहा-चिवडा पुढे केला, तर त्याने हात जोडले. जाहिदाने समजावलं की मोराण एकटा काही खात नाही, दूधसुद्धा पीत नाही. सोबत कोणी तरी हवं. एकट्याने पोट भरणारा माणूस संकटात दुसऱ्यासाठी उभा राहणार नाही, असं ते मानतात. आता सोबत कोण? जाहिदा आणि मी बायका, आम्ही चालत नाही. बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "विभा, मलाही अर्धा कप दूध दे."

तुझे बाबा. ज्यांनी मला आठवतंय तेव्हापासून दुधाला तोंड लावलेलं नाही. दोघं समोरासमोर बसून दूध प्यायले. आता दर शुक्रवारी पितात. कोइनेत त्यांना 'म्झे' म्हणतो, म्हणजे वडीलधारा माणूस. बाबांना आधी वाटलं, म्हातारा म्हणतोय.

सिंहाची गोष्ट मीच विचारली. त्याच्या वडिलांच्या कळपातली कालवड सिंहाने नेली होती. तरुण पोरं भाले घेऊन निघाली. सिंहाला गोल करून घेरलं. घेरल्यावर सिंह सगळ्यांकडे एकदा बघतो आणि मग एकाला निवडतो, म्हणाला. ज्याला निवडलं त्याने जागा सोडायची नाही. त्याने कोइनेतला निवडलं. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत चामडी अजून गाठाळलेली आहे. पहिला भाला ज्याचा लागला, आयाळ त्याची. जो शेपटी धरतो, त्याला शेपटी. ती त्याच्या मित्राला मिळाली. सिंहिणीला मारत नाहीत. पुढची पिढी तिच्या पोटात असते.

मला सिंहाचं वाईट वाटलं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हम को भी लगता है." आता त्यांच्या सरकारने शिकारीला बंदी केली आहे. धाकटा भाऊ सिंह मारणार नाही, तर तो शहामृगाच्या पिसांचा टोप घालेल. ज्यांनी सिंह मारला नाही त्यांचा तोच असतो, काळा, चेहऱ्याभोवती सूर्यासारखा पसरलेला. शेतावर गळून पडलेली चांगली पिसं कोइनेत भावासाठी गोळा करतो. मी म्हटलं, भावाला कमीपणा नाही वाटणार? तो म्हणाला, "नाचताना किती उंच उडी मारतो ते बघतात, मामा. तो माझ्याहून उंच उडतो."

स्वेटर पाठवलाय सुहासिनीमावशीकडे. घे.

आई

मदिनत खलीफा
१७ जानेवारी १९८२

उन्मेष,

बाबांच्या हाताला फोड आलाय आणि ते खूश आहेत.

तडकलेली चौकट बदलायला हवी होती. माझ्या सुईचं ते काम नव्हतं. कोइनेत म्हणाला, लवचीक लाकूड हवं. वाळवंटात कुठलं आणायचं? मी बाबांना काही म्हटलं नाही. एके दिवशी ते ऑफिसातून येताना जुन्या खुर्चीचा वेत घेऊन आले. दोन दिवस बाथटबमध्ये भिजवला, मग मोरीत बसून वाकवला. मला म्हणाले, "ओव्हल आहे, वर्तुळ नाही. ताण सगळीकडे सारखा येत नाही." वीस वर्षं पाइपलाइनी टाकणारा माणूस एका सिंहाच्या टोपाचा ताण मोजत होता.

शुक्रवारी दोघं गॅलरीत बसले. बाबा वेताला पॉलिशपेपर मारत होते, कोइनेत बघत होता. मी आत मणी ओवत होते, दार उघडं होतं. बाबांनी अचानक विचारलं, "सिंहाच्या मागे निघालास तेव्हा वडिलांना विचारलं होतंस?"

"नाही, म्झे. वडिलांना विचारून कोणी जात नाही."

"का?"

"विचारलं तर ते नको म्हणतील. नको म्हटल्यावर गेलो तर त्यांचा अपमान. म्हणून विचारत नाहीत."

बराच वेळ नुसता पॉलिशपेपरचा आवाज. मग बाबा म्हणाले, "आणि परत आलास तेव्हा?"

"सगळे गात आले. बायकांनी दूध शिंपडलं. वडील गोठ्यात होते, बाहेर आले नाहीत. सगळे गेल्यावर आले आणि माझी जखम धुतली. बोलले काही नाही. जखम मात्र रोज तेच धुवायचे."

बाबांनी वेत उजेडात धरून बघितला. मी आत काही ऐकलं नाही असं दाखवलं. तुला लिहिते आहे, तूही तसंच कर.

त्याच दिवशी मला दुसरी गोष्ट कळली आणि मी सुई खाली ठेवली. मी सहज विचारलं, घरी नेल्यावर हा टोप कुठे ठेवणार? तो म्हणाला, ठेवणार नाही. त्याच्या वयाच्या सगळ्या मोराणांचा मोठा समारंभ आहे, युनोटो म्हणतात. तरुणपण संपवून ते मोठ्या माणसांत जाणार. आई मुलाच्या वेण्या उतरवते. आणि मग आयाळसुद्धा सोडायची. मेंढी कापून तिची चरबी आणि गेरू आयाळीला चोळायचा, सिंहाला मान द्यायचा आणि ती रानात टाकून यायची.

मी म्हटलं, "टाकायचीच आहे तर मी डोळे फोडून हे कशाला करतेय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. माझा प्रश्न त्याला खरंच कळला नव्हता. मग म्हणाला, "सिंहाला फाटक्या अंगाने परत कसं पाठवायचं, मामा?"

आणि टाकायची कशासाठी, तर म्हणाला, जो ती जपून ठेवतो, तो म्हातारा झाला तरी त्या एका दिवसाबद्दलच बोलत बसतो. त्याच्या गायी कोण बघणार? नारोकला परदेशी लोक येतात आणि झोपड्यांतून असे टोप विकत घेऊन जातात. काही जणांनी दिले. म्हणून हा आपला टोप बरोबर घेऊन समुद्रापार आला. माझ्या माहितीत लोक पदकं काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्याही कपाटात बाबांच्या कंपनीने दिलेलं घड्याळ आहे, ते बंद आहे.

मी सुई उचलली. त्यानंतर मात्र मी काम जास्त मन लावून करते आहे.

एक अडचण आहे. समारंभ मार्च-एप्रिलमध्ये आणि त्याचा मालक रजा देत नाही. तोच शहामृगांचा अंडी घालायचा काळ. पासपोर्ट मालकाकडे. मन्सूरभाई विचारतात, तो इन्शाल्ला म्हणतो. इथे राहून मला इन्शाल्लाचे सगळे अर्थ कळायला लागलेत. हा 'नाही'वाला होता.

आई

मदिनत खलीफा
२६ फेब्रुवारी १९८२

उन्मेष,

तुझं कार्ड आलं. 'मी बरा आहे. स्वेटर मिळाला. त्या माणसाला रजा मिळाली का?' एवढंच. पण म्हणजे तू सगळी पत्रं वाचतोस.

कार्ड मी फ्रिजवर ठेवलं होतं. संध्याकाळी ते तिथे नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलं. मी परत फ्रिजवर ठेवलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

जाहिदा म्हणाली, मालकाशी बोलून उपयोग नाही, त्याच्या आईशी बोलू. तिचं नाव हजरा. ती शहरातल्या बंगल्यात राहत नाही, शेतावरच राहते, शेळ्या पाळते. आम्ही दोघी गेलो, टोप कापडात बांधून बरोबर. म्हातारी चटईवर बसली होती, तोंडावर तो काळा चकचकीत मुखवटा असतो ना इथल्या जुन्या बायकांचा, तो. बोटं मेंदीने काळपट लाल. कॉफी दिली. जाहिदाने सगळं अरबीत सांगितलं आणि मी टोप उलगडला.

तिने आयाळीला हात लावला नाही. मण्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोणी केलं? जाहिदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुला मुलं किती?"

"एक मुलगा," मी म्हटलं.

"कुठे असतो?"

"डोंगरात."

"घरी येतो?"

जाहिदाने प्रश्न मला सांगितला आणि नजर दुसरीकडे वळवली. मी सरळ म्हटलं, "इन्शाल्ला." याला भाषांतर लागलं नाही.

म्हातारीचं लहानपण तंबूत गेलेलं. हिवाळ्यात वाळवंटात, उन्हाळ्यात रुवैसच्या किनाऱ्याला. मग तिने विचारलं, "या पोराचे केस कोण उतरवणार?"

"त्याची आई."

"आहे ती?"

"आहे. वाट बघते आहे."

तिने नोकराला हाक मारून मुलाला बोलावून घेतलं. तो आला. चांगला पन्नाशीचा माणूस, पांढराशुभ्र झगा, हातात गाडीच्या किल्ल्या. आईपुढे मात्र उभाच राहिला. ती जे बोलली ते जाहिदाने मला गाडीत सांगितलं: "अंडी उचलायला दुसरा माणूस मिळेल. आईचं काम दुसऱ्या कोणाकडून करून घेणार आहेस?" त्याने शहामृगांचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "खलास."

तो वाईट माणूस नाही. जाताना त्याने टोप नीट निरखून बघितला, आपल्या बैठकीत लावायला विकत मिळेल का असं विचारलं, आणि जाहिदाने नाही म्हटल्यावर मान डोलावली. चार दिवसांनी कोइनेतचा पासपोर्ट मन्सूरभाईंच्या हातात आला.

तेव्हा, हो. रजा मिळाली.

आई

मदिनत खलीफा
२१ मार्च १९८२

उन्मेष,

कोइनेत परवा गेला.

जाण्याआधीच्या शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे शेतावर गेलो. टोप तयार होता. शेवटचा दोरा मी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर ठेवून तोडला. मला वाटलं तो पेटीत ठेवेल. तो म्हणाला, "मामा, देखो." आणि पत्र्याच्या खोलीत गेला.

बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. लाल कापड खांद्यावरून, हातात मन्सूरभाईंची उंट हाकायची काठी, आणि डोक्यावर ती आयाळ. मी ती इतके महिने मांडीवर घेऊन बसले होते. तिचा प्रत्येक मणी माझ्या ओळखीचा. पण मांडीवर ते कातडं होतं. त्याच्या डोक्यावर गेल्यावर ती वाऱ्याने उभी राहिली. तो आधीच उंच, त्यात ती हातभर वर. मधे त्याचा चेहरा अगदी शांत. शेतावरचे पठाण, केरळचे मजूर, रोज त्याच्या वेण्यांवरून त्याची थट्टा करणारे, हातातलं काम टाकून उभे राहिले. कोणी हसलं नाही.

मग त्याने उड्या मारायला सुरुवात केली. नाच म्हणजे तेवढाच. पाय जुळवलेले, अंग सरळ, जागच्या जागी वर. घशातून एक खोल आवाज. वर जाताना आयाळ मागे पडायची, खाली येताना पुढे यायची. टाच टेकते आहे असं वाटायच्या आत तो परत वर. त्याच्या गावी हे दहा-वीस जण मिळून करतात. इथे तो एकटा होता आणि तरी अपुरं काही वाटत नव्हतं. मी घाबरले होते की शिवण उसवेल. एक मणी पडला नाही. बाबांची चौकट हलली नाही.

उन्मेष, मी देखणी माणसं पाहिली आहेत, शूर म्हणवणारी पाहिली आहेत. पण आपल्या अंगावरची सगळ्यात मोठी गोष्ट आपण सोडायला निघालो आहोत, हे माहीत असताना ती इतक्या ताठ मानेने मिरवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या चष्म्याशिवाय त्यांना चार फुटांपलीकडचं दिसत नाही.

विमानतळावर आम्हीच सोडलं. पेटी बाबांनी उचलली. कोइनेतने डोकं पुढे झुकवलं. त्यांच्यात धाकटा असा वाकतो आणि वडीलधारा त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. जाहिदा सांगायच्या आत बाबांनी हात ठेवला होता. बराच वेळ ठेवला. त्या लाल वेण्यांवर. घरी येईपर्यंत त्यांच्या तळव्याला गेरू होता. जेवायच्या आधी त्यांनी हात धुतला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि नळ फार वेळ चालू होता.

पहाटे ते सहा वाजता उठतात, आज साडेपाचलाच उठून बसले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "त्याचं विमान नैरोबीला पोचलं असेल."

मी म्हटलं, कालच पोचलं. ते म्हणाले, "हो, कालच."

आई

मदिनत खलीफा
११ जुलै १९८२

उन्मेष,

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी पान भरून. सप्टेंबरमध्ये तुम्ही शिखरावर जाणार, तू पुढच्या तुकडीत आहेस, हे वाचलं. मी 'जाऊ नको' लिहिणार नाही. तू विचारलं नाहीस, कळवलंस. ते मला समजलं.

जाहिदाचा भाऊ नारोकहून सुट्टीला आला आहे. तो त्या समारंभाला गेला होता, कोइनेतनेच बोलावलं होतं. त्याने जे सांगितलं ते तसंच लिहिते.

कोइनेतची आई लहानखुरी बाई आहे, त्याच्या छातीलाही लागत नाही. गाईच्या कातड्यावर तो खाली बसला. तिने दूध-पाण्याने त्याचे केस भिजवले आणि वस्तऱ्याने एकेक वेणी उतरवली. सगळ्या आया आपापल्या मुलांचं तेच करत होत्या. आणि हे सिंहापुढे जागा न सोडणारे तरुण रडत होते, काही जण तर अंगात आल्यासारखे थरथरत होते, बाकीचे त्यांना धरून बसले होते. कोणी डोळे लपवत नव्हतं. कोइनेतही रडला. आई रडली नाही. तिने तुळतुळीत झालेल्या डोक्याला गेरू लावला आणि उठून दुसरी कामं बघायला गेली.

मग काही दिवसांनी मेंढी कापली. आयाळीला चरबी आणि गेरू चोळला आणि काटेरी झाडाखाली सोडून आले. तिथे फक्त तो आणि त्याचा मित्र गेले होते, शेपटीवाला. परत येताना मागे वळून बघायचं नसतं, असं भावाने सांगितलं. म्हणजे माझे मणी, पोपटाची चोच, बाबांचा वेत, सगळं आता त्या झाडाखाली आहे. उन्हापावसात त्याचं काय व्हायचं ते होईल. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं.

त्याच्या आईने मात्र टोप सोडण्याआधी जवळ घेऊन बघितला आणि विचारलं, हे कोणी शिवलं? वाळूच्या देशातल्या एका मामाने, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, हात चांगला आहे, पण एक ओळ चुकली आहे. आणि मग म्हणाली, सिंहाला चालेल.

मी त्यावर दिवसभर हसत होते. कुठली ओळ, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

तो आता परत येणार नाही. गायी घेतल्या आहेत, लग्न ठरतंय. सिंहाबद्दल कोणी विचारलं तर म्हणतो, तेव्हा मी लहान होतो.

सप्टेंबरनंतर तू कुठे असशील ते कळव. घरी यावंसं वाटलं तर ये, केस असतील तसे असू देत. नाही आलास तरी पत्र लिही.

मी हे लिहीत असताना बाबा समोरच्या खुर्चीत बसलेत. मघाशी म्हणाले, "खाली थोडी जागा सोड." मी सोडते आहे.

आई

उन्मेष,

नायलॉनचा दोर उन्हाने कमकुवत होतो. वरून चांगला दिसतो, पण आतले धागे गेलेले असतात. संस्थेचे दोर किती जुने आहेत ते विचार, आणि शंका आली तर वापरू नकोस. इथे जहाजाच्या सामानाच्या दुकानात उत्तम मिळतात. मी दोन पाहून आलो आहे. जाडी आणि लांबी लगेच कळव, दोर ऑगस्टच्या आत पोचायला हवा.

बाबा